वर्षश्राद्धाची पुस्तिका काढायची असेल तर

आईची, आजीची, मावशीची आठवण म्हणून वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची असं मनात असेल तर तेरावं झालं की लगेच कामाला लागा. माझ्याकडे लोक येतात ते वर्षश्राद्धाला जेमतेम पंधरा दिवस उरलेले असताना. हातात एक फोटो, दोन तारखा आणि एक ओळ: ‘स्वभावाने प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या.’ मी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल लावते आणि मधूनमधून अशा पुस्तिकाही. खरं सांगायचं तर नाव आणि फोटो बदलला की एका घरची पुस्तिका दुसऱ्या घरात चालून जाईल.

माझी आत्या सिन्नरला वारली, तेव्हा तिची पुस्तिका मीच लावली. अठ्ठेचाळीस पानं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. लग्न होऊन निफाडकडे गेली होती, दोनेक वर्षांत माहेरी परत आली ती कायमची. पुढे जन्मभर विड्या वळल्या आणि त्याच मजुरीवर आम्हा भाचरांच्या फिया भरल्या. तिच्या नावावर घर नाही, सत्कार नाही, पेपरात कधी नाव नाही. अशा बाईवर अठ्ठेचाळीस पानं भरतील का, असं काकांनी विचारलं होतं. भरतात. मात्र कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं, ते आधी ठरवावं लागतं.

आधी मुलांना विचारू नका

सगळे सुरुवात घरातून करतात. मुलगा सांगतो, आईने आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. मुलगी सांगते, आईच्या हाताला चव होती. दोघांचंही खरं असतं, पण त्यांनी तिला आई म्हणूनच पाहिलेलं असतं. तिच्या आयुष्यातले दिवसाचे आठ-दहा तास दुसऱ्याच बायकांसोबत गेलेले असतात. शेतात निंदायला जोडीला असायची ती, नळावर पुढे-मागे हंडा लावणारी, भजनी मंडळात टाळ धरणारी, अंगणवाडीतली मदतनीस. पहिली भेट त्यांच्याकडे. त्या वयस्कर असतात आणि त्यांच्याकडे कुणी विचारायला जात नाही, म्हणून घाई त्यांचीच करायची.

अक्काच्या बरोबर ओट्यावर बसून विड्या वळणाऱ्या एक काकू अजून त्याच गल्लीत आहेत. मी त्यांच्याकडे अक्काची कात्री आणि पान कापायचं पत्र्याचं माप घेऊन गेले. ‘अक्का कशी होती?’ असं विचारलं असतं तर ‘देवमाणूस होती गं’ एवढंच उत्तर मिळालं असतं, कारण त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. कात्री हातात दिल्यावर काकू आपोआप बोलायला लागल्या. कारखान्यातून तंबाखू, पानं आणि दोरा मोजून मिळायचा. पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी माप लावून कापायची. सूप मांडीवर, तंबाखू सुपात. पान वळलं की टोक नखाने दाबून बंद करायचं, दोरा बांधायचा, पंचवीसची जुडी करायची. दिवसाला आठशे-हजार झाल्या तर हात चांगला म्हणायचा. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा वेड्यावाकड्या वाटतील त्या बाजूला काढायचा, त्यांची मजुरी नाही. बाकीच्या बायका गप्प घरी यायच्या. अक्का मात्र बाजूला काढलेल्या विड्या परत मागून घ्यायची आणि त्याच्यासमोर चुरडून टाकायची. ‘मजुरी देत नाहीस ना, मग विकायच्यापण नाहीत.’

हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनाही नाही.

तेव्हा जाताना एखादी वस्तू न्या: खुरपं, शिवणाचं मशीन असेल तर त्याची बॉबिन, पोथी, डबा, काहीही. आणि प्रश्न साधे, हातातल्या कामाचे विचारा. पहाटे पहिलं काय करायची? पगार झाला की आधी काय घ्यायची? कुणाशी बोलणं बंद होतं? पैसे कुठे लपवायची? या शेवटच्या प्रश्नाला तर प्रत्येक बाईकडे उत्तर असतं, आणि सांगताना ती हसते.

फोनवर रेकॉर्डिंग करा, पण विचारून. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. मिक्सर, टीव्ही, पंखा बंद. फोन दोघींच्या मधे एखाद्या घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला तर टेबलाची ठकठक येत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणारीचं नाव मोठ्याने बोलून घ्या. घरी आल्यावर फाइलला तेच नाव द्या, कारण ‘रेकॉर्डिंग १७’ मध्ये काय होतं ते सहा महिन्यांनी कुणाला सांगता येत नाही. मराठी व्हॉइस टायपिंगने उतरवून घ्यायचा मोह होतो. प्रमाण भाषेला ते बरं चालतं. सिन्नरच्या म्हातारीच्या बोलीचा मात्र पार चेंदामेंदा करतं. कानाला हेडफोन लावून हाताने उतरवा, आणि ‘व्हतं’ला ‘होतं’ करू नका.

तारखांचा गुंता

जन्मतारीख १ जून दिसली की ती तारीख गुरुजींची आहे असं समजा. शाळेत नाव घालताना वय बसवायला महाराष्ट्रभर हीच तारीख लिहिली गेली. अक्काचीही तीच. पुस्तिकेत मी फक्त अंदाजे वर्ष छापलं आणि जन्म ‘आखितीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी’ असं आजी म्हणायची, ते तसंच ठेवलं.

म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण घटना पक्क्या आठवतात. म्हणून आपल्याकडच्या घटनांची एक यादी खिशात ठेवा. नाशिकचे सिंहस्थ: १९५६, १९६८, १९८०, १९९१, २००३, २०१५. गंगेचा (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) मोठा पूर १९६९ चा. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून इथे पुराचं माप सांगतात, आणि तेव्हाची गोष्ट अजून निघते. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी. १९८४ ला इंदिराबाई गेल्या. २००८ चा पूर. काकू म्हणाल्या, ‘अक्का परत आली ती गंगेला पूर आला त्याच्या आदल्या साली, सिंहस्थाला आम्ही दोघी पायी रामकुंडावर गेलतो.’ म्हणजे १९६८. दोन घटना एकमेकींना जुळल्या की ते साल बिनधास्त छापा. एकाच आठवणीवर असेल तर ‘सुमारे’ लिहा.

जुनी कॅलेंडरं रद्दीत घालू नका. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, आणि आपल्या घरांत त्याच्या चौकटींत दुधाचा रतीब, गॅसचा नंबर लावलेला दिवस, कोण कधी बाळंत झाली हे सगळं लिहिलेलं असतं. अक्काची काही कॅलेंडरं कपाटाच्या फळीवर अंथरलेली सापडली. त्यावर दर शनिवारी विड्यांचा हिशेब होता, आणि एका चौकटीत ‘पोरीची फी’ एवढंच. ती पोरगी मी.

कागद कुठे मिळतात

बाईचे कागद कमी असतात, पण अगदीच नसतात असं नाही. शाळा चौथीपर्यंतच झालेली असली तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांना साधा अर्ज दिला की दाखल्याची नक्कल मिळते. जुनी जन्म-मृत्यूची नोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. फार मागे गेलात तर मोडी लिपी लागते, तेव्हा वाचणारं माणूस आधी शोधून ठेवा. मृत्यूची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत करायची असते. पुस्तिका राहू दे, ते आधी करा, आणि दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तिथल्या तिथे बघा.

विडी कामगार बाई असेल तर तिचं ओळखपत्र शोधा. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यानंतर ही ओळखपत्रं मिळायला लागली, त्यावर फोटो असतो. अक्काचा तरुणपणीचा एकमेव एकटीचा फोटो आम्हाला तिथेच मिळाला. बाकी सगळ्या फोटोंत ती कडेला, कुणाचं तरी मूल कडेवर.

रामकुंडावर दहावं केलंत तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे, किंवा त्र्यंबकेश्वरला, कुळाच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पिढ्यान्‌पिढ्यांची नावं निघतात. बहुतेक पुरुषांची. म्हणून आपली नोंद लिहून घेताना तिचं नाव, तिच्या आईचं नाव सांगा आणि डोळ्यांसमोर लिहून घ्या. पुढच्या कुणीतरी वही उघडली तर सापडेल.

आणि मग येतो तो अवघड कागद. शेत असेल तर आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार, गाव नमुना ६, काढून बघा. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने अभिलेख आता महसूल खात्याच्या महाभूमी या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, थोडी फी भरून उतरवता येतात. त्या फेरफारात मुलींची नावं वारस म्हणून लागतात, आणि पुढच्या एखाद्या नोंदीत हक्कसोड करून निघूनही जातात. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलगी वारस होतीच. अक्कानेही अंगठा नव्हे, सही करून हक्क सोडला होता. वळणदार सही.

हे छापायचं का? घरात दोन मतं पडली. माझं मत असं: ज्या गोष्टीने तिचं आयुष्य ठरलं ती गाळू नये, पण निवाडाही देऊ नये. आम्ही एकच वाक्य छापलं: ‘वडिलांच्या पश्चात त्यांनी जमिनीवरचा आपला हक्क भावांच्या नावे सोडला.’ काका वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, राहू दे. नवऱ्याचंही तसंच. ‘काही कारणाने माहेरी आल्या’ असलं वाक्य मी कुणाच्याही पुस्तिकेत लावायला नाखूष असते, कारण वाचणारा त्या ‘काही’मध्ये बाईचाच दोष भरतो. ‘१९६८ साली माहेरी परत आल्या आणि पुन्हा सासरी गेल्या नाहीत’ हे सरळ आहे. कारण नक्की माहीत नसेल तर तेवढ्यावर थांबा. हयात माणसाबद्दल काही लिहिणार असाल तर छापायच्या आधी त्याला ते पान दाखवा.

फोटो

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईत फुटतो. पाठवणाऱ्याला सांगा, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ प्रत मिळाली तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. पासपोर्टएवढा लहान असेल तर १२००. स्कॅनर नसेल तर दुपारच्या सावलीत, खिडकीशी, फोटो सपाट ठेवून सरळ वरून फोनने काढा, फ्लॅश नको.

काचेला चिकटलेला जुना फोटो सोडवायला जाऊ नका, चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट काढा. चिकट पानांच्या अल्बममधूनही ओढू नका. मागे नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिल, बॉलपेनचा व्रण पुढे उमटतो. लॅमिनेशन तर नाहीच. आणि ग्रुप फोटोत कोण कोण आहे ते आत्ताच विचारून घ्या, डावीकडून उजवीकडे.

माणसाचा फोटो नसेल तर जागेचा घ्या. आम्ही तिचा ओटा, सूप, कात्री आणि गोंदेश्वराच्या आवारातली ती पायरी छापली. बाराव्या शतकातलं यादवकाळचं हे पंचायतन मंदिर बघायला लांबून लोक येतात. अक्का तिथे सोमवारी जायची ती दर्शनाइतकीच पाठ टेकायला. थंड दगडाला.

वाटी मोजा

रेसिपी छापायची फार हौस असते आणि ती हमखास फसते, कारण ‘अंदाजाने’ असं लिहिलेलं असतं. तिची वाटी शोधा. स्वयंपाकघरात ती असतेच, पिठाच्या डब्यात पडलेली. वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, वाटी पाण्याने काठोकाठ भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. मग तिच्याकडून शिकलेल्या कुणाला तरी तीच वाटी देऊन समोर करायला लावा आणि प्रत्येक गोष्ट भांड्यात पडायच्या आधी तोला.

अक्काचे हुलग्याचे शेंगोळे आम्ही असे उतरवले. हुलग्याच्या पिठात लसूण, हिरवी मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, तळहातावर तेल घेऊन लांब वळी करून तिचा वेढा द्यायचा. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक सोडायचा. लगेच ढवळायचं नाही, मोडतात. थोडं पीठ पाण्यात कालवून शेवटी लावलं की रस्सा दाट होतो. विड्या वळून सरावलेल्या बोटांमुळे तिचे वेढे सगळे एका मापाचे व्हायचे, ते काही आम्हाला जमलं नाही.

साड्यांची गोधडी शिवायला देणार असाल तर कापायच्या आधी प्रत्येक साडीचा पदरासकट फोटो काढा आणि ती कुणाच्या लग्नातली, कुणी नेसवलेली, हे खाली लिहा. कात्री लागली की हे सगळं एकमेकांत मिसळून जातं.

लिहिताना

विशेषणं काढून टाका. सगळी. ‘कष्टाळू’ खोडून ‘आठशे विड्या झाल्याशिवाय चुलीपाशी जायची नाही’ लिहा. ‘स्पष्टवक्त्या’ खोडून ती कुणाला काय म्हणाली ते लिहा. ‘धार्मिक’ म्हणजे काय करायची? भैरवनाथाच्या यात्रेला रथाची दोरी धरायची, की एकादशीला खिचडीसाठी उपास धरायची? अक्का दुसऱ्या प्रकारातली.

तिचे दोषही येऊ द्या. अक्का कंजूस होती, शिव्या द्यायची, एका भावजयीशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता आणि तरी तिच्या आजारपणात रात्री तिच्याच उशाशी बसायची. हे आलं म्हणून गल्लीतल्या बायकांनी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली.

पहिल्या पानावर तिचं नाव माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिहा. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला सासरच्या नावावरून ती ओळखू येणार नाही. कवितेचं म्हणाल तर घरातल्या कुणीतरी केलेली एक असतेच. ती घ्यावीच लागते, शेवटच्या पानांकडे घ्या.

छपाई

डेमी एक अष्टमांश आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) अशा पुस्तिकेला बरा. पानं सोळाच्या पटीत ठेवा, कारण फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं, सोळा पानांचा असतो: ३२, ४८, ६४. एकावन्न पानं झाली तर तीन पानं कापा, तेरा कोरी छापू नका. चौसष्ट पानांपर्यंत सेंटर पिन (मधोमध पिना मारणं) चालते, त्याच्या पुढे परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून). आत ७० जीएसएमचा मॅपलिथो (साधा पांढरा कागद) पुरतो; फोटोंचा एखादा फॉर्म आर्ट पेपरवर (गुळगुळीत कागदावर) घेतलात तर बाकी सगळं एका रंगात करून पैसे वाचतात. शंभर-दीडशे प्रतींसाठी डिजिटल, त्याच्या बरंच वर जाणार असाल तर ऑफसेटचा भाव विचारा.

मजकूर व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत पाठवू नका, एका फाइलमध्ये द्या. आमच्यापैकी बरेच जण अजून श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. युनिकोडमधून (फोनवर टाइप होतं त्या अक्षरांतून) तिकडे नेताना ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ ही अक्षरं हमखास मोडतात, तेव्हा प्रुफात ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘ॲम्ब्युलन्स’ असले शब्द शोधून बघा. प्रूफ दोघांनी तपासायचं: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं. नावं आणि साल तिसऱ्यांदा. वाचायला घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बसवलंत तर उत्तम, ते व्याकरण बघत नाही, ‘हे असं नव्हतं’ एवढंच सांगतं.

प्रती वाटताना पाहुण्यांच्या आधी त्या बायकांना द्या ज्यांनी आठवणी सांगितल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडे बसून त्यांचं पान वाचून दाखवा. दोन प्रती गावच्या वाचनालयाला आणि एक तिच्या शाळेला. रेकॉर्डिंगं, स्कॅन आणि पीडीएफ तीन ठिकाणी ठेवा: एक घरातल्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

आणि पैसे चुकते करताना डीटीपीवाल्याकडून पीडीएफबरोबर ओपन फाइलही (जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल) मागून घ्या. पुस्तिका वाटली की पुढचा महिनाभर लोक फोन करून राहिलेल्या गोष्टी सांगतात, त्यासाठी ती लागते. संगणकावर जागा संपली की आम्ही जुनी कामं उडवतो, आणि तेव्हा कुणाला फोन करून विचारत बसत नाही.